मुलांसाठी इतिहासाची पुस्तके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक, शिक्षक, ग्रंथपाल आणि कधीकधी खुद्द वाचणारी मुले यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. आरंभीचे प्रश्न साधे असून पुढचे अधिक गुंतागुंतीचे आहेत. एकच मुद्दा दोन ठिकाणी येत असेल तेथे पुनरुक्ती टाळून संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इतिहासाचे पुस्तक मुलाच्या हाती कोणत्या वयापासून द्यावे?

चित्रे पाहत गोष्ट ऐकता येऊ लागली की द्यावे; मात्र त्या वयात काळाची जाण कितपत असते, याचा विचार करून पुस्तक निवडावे. ५-६ वर्षांच्या मुलाला आजीचे लहानपण आणि पिरॅमिड बांधणाऱ्यांचा काळ सारखाच 'खूप खूप पूर्वीचा' वाटतो, त्यामुळे सनावळ्यांचा त्याला उपयोग नसतो. अशा मुलांना दिवा, चाक, लेखणी, घर यांसारख्या एकाच वस्तूची बदलत गेलेली रूपे दाखवणारी पुस्तके भावतात, कारण 'तेव्हा' आणि 'आता' यांतला फरक तेथे डोळ्यांना दिसतो. ८ ते ११ या वयात आधी काय घडले आणि नंतर काय, ही संगती लागू लागते; व्यक्तींच्या, प्रवासांच्या आणि शोधांच्या हकिकती तेव्हा रंगतात. १२च्या पुढे 'असे का झाले?' आणि 'याबद्दल सगळ्यांचे एकमत का नाही?' हे मुले स्वतःच विचारू लागतात. मुखपृष्ठावर छापलेला वयोगट हा प्रकाशकाचा अंदाज असतो. मुलाला मधलेच एखादे पान मोठ्याने वाचायला लावावे आणि मग पुस्तक मिटून तेच आपल्या शब्दांत सांगायला सांगावे, यापेक्षा खात्रीची कसोटी मला माहीत नाही.

२. शाळेचे पाठ्यपुस्तक असताना आणखी पुस्तकांची गरज काय?

पाठ्यपुस्तकाला थोड्या पानांत अनेक शतके बसवायची असतात, म्हणून ते निष्कर्ष सांगते आणि त्या निष्कर्षापर्यंतची वाट गाळते. 'शांपोल्याँने १८२२ मध्ये प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीचा उलगडा केला' हे एक वाक्य झाले. वेगळे पुस्तक मात्र सांगू शकते की १७९९ मध्ये नेपोलियनच्या सैनिकांना रशीद गावाजवळ एक फुटका शिलालेख सापडला. त्यावर इसवी सनापूर्वी १९६ मधला एकच राजादेश चित्रलिपी, डेमोटिक (इजिप्तची रोजच्या व्यवहारातली लिपी) आणि ग्रीक अशा तीन लेखनांत कोरलेला होता. ग्रीक वाचता येत होते म्हणून बाकीच्या दोहोंना हात घालता आला. आणि शांपोल्याँला कॉप्टिक, म्हणजे प्राचीन इजिप्शियन भाषेचे पुढच्या काळातले रूप, येत होती म्हणून चिन्हांमागचे उच्चार त्याच्या ध्यानात आले. ही वाट चालण्यात मुलाला जो आनंद मिळतो, तो निष्कर्ष पाठ करण्यात मिळत नाही.

३. पुस्तक हातात घेतल्यावर ५ मिनिटांत त्याची पारख कशी करावी?

शेवटची पाने आधी उघडावीत. संदर्भसूची, शब्दार्थ, नामसूची आणि 'यातले काय ठाऊक आहे व काय अंदाजाने लिहिले आहे' हे सांगणारी लेखकाची टीप यांपैकी काहीच नसेल, तर सावध व्हावे. नंतर प्रकाशनाचा तपशील असलेल्या पानावर मूळ लेखनाचे वर्ष पाहावे (ते का महत्त्वाचे, यासाठी प्रश्न ७ पाहावा). शेवटी आपल्याला बऱ्यापैकी माहीत असलेल्या विषयाचे एक पान वाचावे आणि प्रत्येक ठाम विधानाला 'हे कशावरून?' असे विचारत जावे.

पाँपेई नगराचे उदाहरण घ्या. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात ते गाडले गेले, हे बहुतेक पुस्तके सांगतात आणि पुढे २४ ऑगस्ट ही तारीखही ठामपणे देतात. ती तारीख धाकटा प्लिनी या रोमन लेखकाच्या पत्राच्या हस्तलिखित प्रतींवरून आली आहे. प्लिनीने उद्रेक स्वतः पाहिला होता, पण ते पत्र त्याने बऱ्याच वर्षांनी लिहिले आणि आपल्या हाती आहेत त्या पुढच्या काळात नकललेल्या प्रती. २०१८ मध्ये तेथील एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ऑक्टोबरमधली तारीख आढळली, आणि उद्रेक शरद ऋतूत झाला असावा या मताला बळ मिळाले. 'बहुधा', 'असे दिसते', 'यावरून वाटते' हे शब्द मुलांच्या पुस्तकात आढळले की काही पालकांना लेखक कच्चा वाटतो. मला तो विश्वासार्ह वाटतो.

४. पुस्तकात ऐतिहासिक व्यक्तींचे संवाद दिले आहेत. ते खरे मानायचे का?

अवतरणचिन्हांतला मजकूर पत्र, निकालपत्र, भाषणाची नोंद किंवा रोजनिशी अशा कागदावरून घेतलेला नसेल, तर तो लेखकाने रचलेला आहे असेच समजावे. ही सवय नवी नाही. थुसिडिडीझ या ग्रीक इतिहासकाराने सुमारे २,४०० वर्षांपूर्वीच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे की, भाषणे शब्दशः लक्षात ठेवणे अशक्य असल्यामुळे प्रत्यक्ष बोलण्याचा एकंदर आशय सांभाळून त्या प्रसंगी जे बोलणे उचित ठरले असते ते आपण लिहिले. मुलांसाठी लिहिणाऱ्याने रचलेले संवाद घालण्याला माझा आक्षेप नाही; तसे केल्याचे न सांगण्याला आहे.

न सांगितल्याने काय होते, याचा नमुना म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन आणि चेरीच्या झाडाची गोष्ट. लहानग्या जॉर्जने कुऱ्हाडीने झाडाला इजा केल्याचे वडिलांपुढे कबूल केले, ही हकिकत मेसन वीम्स या चरित्रकाराने १८०६ च्या आवृत्तीत घातली आणि तिला कोणताही समकालीन आधार नाही. सत्यवचनाचे महत्त्व पटवण्यासाठी रचलेली ही कथा पुढे अनेक पिढ्या इतिहास म्हणून शिकवली गेली.

५. आमच्या मुलाला ऐतिहासिक कादंबऱ्याच आवडतात. त्या सोडवून 'खरा' इतिहास वाचायला लावावे का?

सोडवू नये. कादंबरी त्या काळाची गोडी लावते आणि गोडी लागल्याशिवाय पुढचे वाचन होत नाही. तिच्या जोडीला त्याच काळावरचे एक छोटे माहितीपर पुस्तक द्यावे आणि मुलाला एकच काम सांगावे : कादंबरीकाराला मुळीच माहीत असणे शक्य नव्हते, अशा ३ गोष्टी शोधून काढ. नायकाच्या मनातले विचार हे पहिले उत्तर हमखास येते. एरवी संवादांना लागू होणारे सगळे कादंबरीलाही लागू होते (प्रश्न ४).

६. दोन पुस्तकांत एकाच घटनेच्या वेगवेगळ्या तारखा आहेत. त्यांतले कोणते चुकले?

कदाचित एकही नाही. न्यूटनचा जन्म एका पुस्तकात २५ डिसेंबर १६४२ आणि दुसऱ्यात ४ जानेवारी १६४३ असा सापडेल. पहिली तारीख तेव्हा इंग्लंडात चालणाऱ्या ज्युलियन कालगणनेची आहे आणि दुसरी आज रूढ असलेल्या ग्रेगोरियन कालगणनेची. ही सुधारित कालगणना १५८२ मध्ये आली, तेव्हा ती लगेच स्वीकारणाऱ्या देशांत ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस थेट १५ ऑक्टोबर मानला गेला. ब्रिटनने ती १७५२ मध्ये स्वीकारली आणि रशियाने १९१८ मध्ये. त्यामुळेच रशियातील 'ऑक्टोबर क्रांती'चा दिवस आजच्या कालगणनेत ७ नोव्हेंबर १९१७ हा येतो, आणि हे न सांगणाऱ्या पुस्तकात चाणाक्ष मूल हमखास अडते.

शालिवाहन शकातल्या तिथीचे इसवी सनात रूपांतर करतानाही असाच घोटाळा होतो. शकाच्या आकड्यात ७८ मिळवावेत हा नियम सर्वांना ठाऊक असतो. पण शकाचे वर्ष चैत्रात बदलते आणि इसवी सन जानेवारीत, म्हणून साधारण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. एका वर्षाचा फरक दिसला की पहिला संशय येथे घ्यावा.

आणखी दोन अडचणी मुलांच्या नेहमी येतात. इसवी सनात शून्य वर्ष नाही, इ.स.पू. १ नंतर लगेच इ.स. १ येते, म्हणून इ.स.पू. ५० पासून इ.स. ५० पर्यंत १०० नव्हे, ९९ वर्षे होतात. आणि १८५० हे वर्ष एकोणिसाव्या शतकात कसे, याचे उत्तर असे की पहिले शतक १ ते १०० या वर्षांचे धरले की एकोणिसावे शतक १८०१ ते १९०० असे येते. हे एकदा बोटांवर मोजून दाखवावे. नुसते सांगून पटत नाही.

७. आमच्या लहानपणची पुस्तके जपून ठेवली आहेत. ती मुलांना द्यावीत का?

भाषा आणि कथनशैली यांसाठी जरूर द्यावीत, पण माहितीची उलटतपासणी करून. सिंधू संस्कृतीच्या शोधाची घोषणा १९२४ मध्ये झाली, तेव्हा त्याआधीच्या कोणत्याही पुस्तकात तिचे नाव असणे शक्य नाही. इंग्लंडातल्या पिल्टडाउन येथे सापडलेली कवटी १९१२ मध्ये आदिमानवाची म्हणून मिरवली गेली आणि १९५३ मध्ये ती बनावट ठरली. मधल्या ४० वर्षांतली अनेक पुस्तके तिला मानवाचा पूर्वज म्हणतात. त्यांच्या लेखकांनी तेव्हा उपलब्ध असलेले ज्ञान लिहिले, इतकेच.

येथे 'पुनर्मुद्रण' आणि 'सुधारित आवृत्ती' यांतला फरक ध्यानात घ्यावा. नवे मुखपृष्ठ, चकचकीत कागद आणि चालू वर्ष छापलेले असले, तरी पुनर्मुद्रणात मजकूर जुनाच असतो. एर्न्स्ट गॉम्ब्रिख यांनी १९३५ मध्ये मुलांसाठी जगाचा इतिहास लिहिला आणि अनेक दशकांनंतर त्याला नवे प्रकरण जोडताना आपण पूर्वी लिहिलेले काही चुकीचे होते, असे वाचकांना सरळ सांगितले. जुने पुस्तक अद्ययावत करण्याची याहून चांगली रीत माझ्या पाहण्यात नाही.

८. चित्रे आणि नकाशे यांवर कितपत विसंबावे?

मजकुरापेक्षा कमी, कारण चित्र 'बहुधा' म्हणू शकत नाही. लेखक 'त्यांची शिरस्त्राणे कशी होती हे नक्की सांगता येत नाही' असे लिहून मोकळा होतो. चित्रकाराला डोक्यावर काहीतरी काढावेच लागते. व्हायकिंग योद्ध्यांच्या शिरस्त्राणांवरची शिंगे अशीच आली. पुरातत्त्वात त्यांना आधार नाही, पण १८७६ मधल्या वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या संगीतनाटकांच्या वेशभूषेमुळे ती लोकांच्या डोक्यात पक्की बसली. चित्रांत ग्रीक पुतळे पांढरेशुभ्र दाखवले जातात, वास्तविक त्यांतले पुष्कळ पुतळे रंगीत होते आणि काहींवर रंगांचे अंश आजही सापडतात. चित्राखाली 'चित्रकाराच्या कल्पनेतून' किंवा 'अमुक भित्तिचित्राच्या आधारे' असे लिहिले आहे का, हे पाहावे.

नकाशांत दोन चुका वारंवार दिसतात. एक म्हणजे प्राचीन काळाच्या नकाशावर आजच्या देशांच्या सीमा, जणू त्या अनादी काळापासून आखलेल्याच होत्या. दुसरी म्हणजे मर्केटर प्रक्षेपणाचा (गोल पृथ्वी सपाट कागदावर दाखवण्याची एक पद्धत, जिच्यात ध्रुवांजवळचे प्रदेश फुगून दिसतात) बेसावध वापर, ज्यात ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळजवळ सारखे दिसतात. प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे १४ पट मोठी आहे.

९. चित्रकथांना इतिहासाचे पुस्तक म्हणता येईल का?

येईल. फक्त संवादांची अडचण (प्रश्न ४) आणि चित्रांची अडचण (प्रश्न ८) तेथे एकाच चौकटीत येते, म्हणून चित्रकथेच्या शेवटी आधारांविषयी टीप असणे अधिकच आवश्यक ठरते.

१०. युद्ध, गुलामगिरी, नरसंहार यांबद्दल मुलांना केव्हा आणि किती सांगावे?

या विषयावर सर्वाधिक पत्रे येतात आणि त्यांत दोन टोकाची मते असतात. माझे मत असे आहे की, कोणत्याही वयात खोटे सांगू नये. वयानुसार तपशील कमी-जास्त करावा. गुलामगिरीबद्दल ८ वर्षांच्या मुलाला 'माणसांना विकत घेत, मारझोड करून राबवत आणि घरच्यांपासून तोडत' एवढे सांगितले तर ते पुरेसे आणि खरे आहे. 'आफ्रिकेतून कामगार आणले गेले' हे वाक्य मात्र सौम्य नव्हे, खोटे आहे. १३-१४ वर्षांच्या मुलाला आकडाही पेलतो : अटलांटिक महासागरापलीकडे नेण्यासाठी सुमारे १ कोटी २५ लाख माणसे जहाजांत कोंबली गेली आणि त्यांतली जवळपास १ कोटी ७ लाख जिवंत उतरली. हा मधला फरक मुलाला स्वतः वजा करू द्यावा.

पुस्तक निवडताना क्रियापदांकडे लक्ष द्यावे, कारण लेखकाची कचखाऊ वृत्ती तेथेच उघड होते. 'गावे जाळली गेली', 'लोक मारले गेले' असे सतत येत असेल, तर जाळणारे आणि मारणारे कोण, हे कोठे सांगितले आहे ते शोधावे. कर्ता पानोपानी गायब असेल तर ते पुस्तक मुलाला भयाखेरीज काही देत नाही. करणारे, सोसणारे, विरोध करणारे आणि नुसते पाहत राहिलेले, अशी सगळी माणसे दिसली तरच काही समजते. संकटग्रस्तांना वाचवणाऱ्यांच्या हकिकती अवश्य असाव्यात, मात्र सबंध पुस्तकच वाचवणाऱ्यांचे झाले तर वाचू न शकलेले लाखो लोक पार्श्वभूमी होऊन बसतात.

लहान मुलांसाठी एका व्यक्तीची हकिकत आकड्यापेक्षा जवळची असते. नाझींच्या छळात बळी गेलेल्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीने १९४२ च्या जूनमध्ये, १३ व्या वाढदिवशी मिळालेल्या वहीत लिहायला सुरुवात केली, आणि तिच्या वयाच्या मुलांना तिची घरच्यांवरची चिडचिडही ओळखीची वाटते. मृतदेहांची छायाचित्रे असलेली पुस्तके १२ वर्षांखालील मुलाच्या हाती एकट्याने पडू देऊ नयेत, असे मी सुचवतो. वाचून झाल्यावर मुलाने काहीच विचारले नाही तर त्याला काही वाटले नाही असे समजू नये. प्रश्न कधीकधी २ आठवड्यांनी, भलत्याच वेळी येतो.

११. राजे आणि लढाया सोडून साध्या माणसांचा इतिहास सांगणारी पुस्तके असतात का?

असतात, आणि अनेक मुलांना तीच अधिक आवडतात. रशियातील नोव्हगोरोद येथे तेराव्या शतकातल्या ओन्फिम नावाच्या लहान मुलाने भूर्जसालीवर केलेला अक्षरांचा सराव सापडला आहे. सराव अर्धवट टाकून त्याने स्वतःला घोड्यावर बसून शत्रूला भाला मारणारा वीर म्हणून रेखाटले आहे. सुमारे ३,७५० वर्षांपूर्वी मेसोपोटेमियातल्या नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने एआ-नासिर या व्यापाऱ्याला हलक्या प्रतीचे तांबे दिल्याबद्दल मातीच्या पाटीवर खरमरीत तक्रार लिहिली, ती पाटीही टिकली आहे. इसवी सनापूर्वी बाराव्या शतकात इजिप्तच्या राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांनी धान्याचा शिधा थकला म्हणून काम थांबवले, याची नोंद पपायरसवर आहे. अशी साधने वापरणारे पुस्तक आपोआपच 'हे कशावरून?' या प्रश्नाचे उत्तर देत जाते.

१२. 'जगाचा इतिहास' म्हणून घेतलेल्या पुस्तकात बहुतेक पाने युरोपचीच निघाली. हे घेण्यापूर्वी कसे ओळखावे?

अनुक्रमणिका पाहून पाने मोजावीत. मग नामसूचीत ३ गोष्टी शोधाव्यात : १४०५ ते १४३३ या काळात ७ सागरी मोहिमा काढणारा चीनचा झंग ह, १३२४ मध्ये मक्केच्या यात्रेला गेलेला मालीचा राजा मनसा मुसा, आणि होड्यांतून पॅसिफिकमधली बेटे वसवणारे पॉलिनेशियन दर्यावर्दी. तिन्ही नसतील तर पुस्तकाचे नाव त्याच्या पोटापेक्षा मोठे आहे. कोलंबसाने अमेरिका 'शोधली' असे लिहून तेथे आधीपासून राहणाऱ्या लोकांविषयी मौन बाळगले असेल, तर तेही नोंदवून ठेवावे.

१३. मुलीचा आवडता थोर पुरुष सदोष होता, हे तिला सांगणारे चरित्र द्यावे का?

१० वर्षांच्या पुढे द्यावे. 'सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत' असे अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनने आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. या दोन्ही गोष्टी एकाच पानावर वाचून मूल गोंधळते, आणि तो गोंधळ उपयोगाचा असतो. दोष उगाळण्यातच रमलेले चरित्र मात्र आरतीइतकेच एकांगी असते.

१४. एक पुस्तक १८५७ च्या घटनेला 'बंड' म्हणते, दुसरे 'उठाव' आणि तिसरे 'स्वातंत्र्ययुद्ध'. मुलाला कोणता शब्द शिकवावा?

तिन्ही, आणि प्रत्येक शब्द कोण वापरत आले हेही. घटनेचे नाव हे नाव ठेवणाऱ्याची बाजू सांगते. जगभर 'व्हिएतनाम युद्ध' म्हणून ओळखले जाणारे युद्ध खुद्द व्हिएतनाममध्ये 'अमेरिकेविरुद्धचे युद्ध' म्हणून ओळखले जाते, हे कळल्यावर मुलांना मुद्दा चटकन उमगतो. परीक्षेत मात्र पाठ्यपुस्तकातला शब्द लिहावा, हे सांगायला विसरू नये.

१५. पुस्तकात म्हटले आहे की इराणच्या झर्क्सीझने २६ लाख सैनिक घेऊन ग्रीसवर स्वारी केली. मूळ ग्रंथातच हा आकडा असेल तर ती चूक कशी?

हेरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने लढवय्यांची संख्या २६ लाखांच्या वरच दिली आहे, त्यामुळे लेखकाने आकडा मनाने घातलेला नाही. पण इतक्या माणसांना आणि जनावरांना रोज अन्न-पाणी पुरवणे त्या काळी शक्य नव्हते, म्हणून आजचे इतिहासकार हा आकडा स्वीकारत नाहीत आणि त्याहून फारच लहान सैन्य धरतात. 'हेरोडोटसच्या म्हणण्यानुसार' हे शब्द लिहिले असतील तर विधान बरोबर आहे; गाळले असतील तर चुकले आहे. बखरी, प्रशस्ती आणि विजयाचे शिलालेख यांतल्या सैन्याच्या व मृतांच्या आकड्यांनाही हाच न्याय लावावा.

१६. छापील पुस्तकात खरोखरच चूक सापडली तर काय करावे?

प्रथम ती कालगणनेतला फरक (प्रश्न ६), जुनी माहिती (प्रश्न ७) किंवा साधनातला आकडा (प्रश्न १५) तर नाही ना, हे तपासावे. मग दोन स्वतंत्र ठिकाणी पडताळा घ्यावा. एकमेकांवरून उतरवलेली दोन पुस्तके हे दोन पुरावे होत नाहीत. चूक पक्की ठरली तर आवृत्ती, पृष्ठक्रमांक, छापलेले वाक्य आणि दुरुस्तीचा आधार एवढे लिहून प्रकाशकाला पत्र पाठवावे, आणि चूक मुलाने शोधली असेल तर पत्रही त्यालाच लिहू द्यावे. पुस्तक ग्रंथालयाचे असल्यास पानावर खोडाखोड न करता ग्रंथपालांना विचारून त्या पानात दुरुस्तीची चिठ्ठी ठेवावी.